वाचकांचे प्रश्न : घरातला रेडॉन मोजावा तरी कसा?

मागील अंकात रेडॉन या वायूविषयी अर्ध्या पानाचे एक टिपण दिले होते. हा वायू जमिनीतून घरात शिरतो, त्याला रंग, वास किंवा चव नसते आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाच्या खालोखाल त्याची गणना होते, एवढाच मजकूर त्यात होता. तेवढ्याने वाचकांचे समाधान झाले नाही, आणि ते होऊ नये असेच ते टिपण होते. बेळगाव शहर व उपनगरे, खानापूर, निपाणी, चिकोडी, बैलहोंगल अशा ठिकाणांहून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. तिथे घर घेताना त्याने रेडॉनची चाचणी करून घेतली होती. दिवाळीला येताना त्याने तसलेच एक यंत्र आणले आणि आमच्या खालच्या मजल्यावरील झोपण्याच्या खोलीत ठेवले. पहाटे सहाला त्यावर ३.१ असा आकडा दिसतो, दुपारी तो १.२ पर्यंत उतरतो. मुलगा म्हणतो की ४ च्या आत आहे, काळजी नको. शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांच्या मते जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १०० आहे. यांचा मेळ कसा घालायचा? शिवाय ह्यांना दोन महिन्यांपासून खोकला आहे. तो यामुळेच असेल का? (एक वाचक भगिनी, टिळकवाडी)

आधी खोकल्याविषयी. रेडॉनमुळे खोकला येत नाही, डोके दुखत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. त्याचे जे काही नुकसान व्हायचे ते अनेक वर्षांनी होते आणि तोवर शरीर कसलीच सूचना देत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या खोकल्यासाठी आपल्याकडे थुंकीची तपासणी करून घेण्याची शिफारस आहे, आणि यजमानांना तर दोन महिने झाले आहेत. यंत्राकडे पाहत बसण्यापेक्षा त्यांना या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्यावे.

आता आकड्यांविषयी. चिरंजीव आणि प्राध्यापक दोघेही बरोबर आहेत, त्यांची मापे मात्र वेगळी आहेत. अमेरिकेत रेडॉन ‘पिकोक्युरी प्रति लिटर’ या मापात मोजतात, तर बाकीचे बहुतेक जग ‘बेकेरेल प्रति घनमीटर’ वापरते. पहिल्याला ३७ ने गुणले की दुसरे मिळते. म्हणजे आपल्या यंत्रावरचे ३.१ हे सुमारे ११५ झाले आणि १.२ हे सुमारे ४४. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ४ ही जी पातळी ठरवली आहे ती १४८ बेकेरेलच्या बरोबरीची असून, तिच्यावर आकडा गेला तर घरात दुरुस्ती करावी असे ती संस्था सांगते. ही पातळी म्हणजे सुरक्षित आणि असुरक्षित यांच्यामधली भिंत नव्हे. ४ च्या खालीही धोका शून्य होत नाही, असे तीच संस्था सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये १०० बेकेरेल ही संदर्भपातळी सुचवली आणि एखाद्या देशाला तेथील परिस्थितीमुळे ती साधणे शक्य नसेल, तर निदान ३०० च्या वर जाऊ नये असे म्हटले. सोयीचे जावे म्हणून या सदरात पुढे सर्वत्र बेकेरेलच वापरले आहे. बहुतेक यंत्रांत माप बदलण्याची सोय असते. तेवढे बटण चिरंजीवांना फोनवर विचारून घ्यावे, म्हणजे घरातला निम्मा वाद मिटेल.

बेकेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणे. दहा बाय बाराच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते, तेव्हा आकडा १०० असेल तर त्या खोलीत दर सेकंदाला रेडॉनचे ३,४०० अणू फुटत असतात. हे वाचून दचकू नये. उघड्या आभाळाखालीसुद्धा घनमीटरला ५ ते १५ बेकेरेल रेडॉन असतोच, आणि जगभरच्या घरांची सरासरी ४० च्या आसपास आहे.

पहाटेचा आणि दुपारचा आकडा इतका वेगळा का, हे आपण पत्रात विचारलेले नाही, पण खरा प्रश्न तोच आहे. रात्री दारे-खिडक्या बंद होतात, बाहेरची हवा थंड व स्थिर होते आणि जमिनीतून वर येणारा वायू खोलीत साठत जातो. सकाळी आपण दार उघडून अंगणात सडा घालता, खिडक्या उघडता आणि तासाभरात आकडा उतरू लागतो. पहाटेचा आकडा खोटा नाही आणि दुपारचाही खोटा नाही, परंतु त्यांतला एकही आपल्या घराचा आकडा म्हणता येणार नाही. घराचा आकडा म्हणजे दीर्घ काळाची सरासरी, कारण धोक्याचे सारे हिशेब वर्षानुवर्षांच्या सरासरीवर केलेले आहेत. यंत्र होळीपर्यंत त्याच जागी राहू द्यावे आणि त्यावर दीर्घकालीन सरासरीचा जो वेगळा आकडा दिसतो तेवढाच वहीत उतरवून ठेवावा. पहाटे उठून यंत्र पाहण्याची सवय लागली असेल तर ती मोडावी.

धोका किती, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. २००५ साली युरोपातील तेरा अभ्यासांची माहिती एकत्र करून जो निष्कर्ष निघाला तो असा की, सरासरी दर १०० बेकेरेलने वाढली की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. टक्केवारी नेहमी फसवते, म्हणून माणसांत सांगतो. आयुष्यात कधीही धूम्रपान न केलेल्या एक हजार माणसांपैकी वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण पावणारे, रेडॉन अजिबात नसेल तर सुमारे ४, सरासरी १०० असेल तर ५ आणि ४०० असेल तर ७. धूम्रपान करणाऱ्या हजारांत हेच आकडे अनुक्रमे १००, १२० आणि १६० च्या घरात जातात. आपल्या घरात कोणी ओढत नसेल, तर आपली सरासरी ७० निघो की १००, झोप उडण्याजोगे त्यात काही नाही.

चिरंजीवांच्या पेनसिल्व्हेनियात मात्र लोक याविषयी इतके जागरूक का, याला एक कारण आहे. डिसेंबर १९८४ मध्ये तेथील लिमरिक अणुवीज केंद्राच्या बांधकामावर काम करणारे स्टॅन्ली वॉट्रस नावाचे अभियंते केंद्रातील किरणोत्सार शोधणाऱ्या फाटकातून गेले की घंटा वाजू लागली. गंमत अशी की केंद्र तेव्हा सुरूच झाले नव्हते. शोध घेता घेता लक्षात आले की किरणोत्सारी धूळ ते केंद्रातून घरी नेत नव्हते, घरून केंद्रात आणत होते. त्यांच्या घरातील रेडॉनची पातळी घनमीटरला सुमारे १ लाख बेकेरेल निघाली. अमेरिकेत घरोघरी चाचण्या सुरू होण्याला या एका घराने मोठी चालना दिली.

प्रश्न : परदेशातून यंत्र आणून देणारे आमचे कोणी नाही. साध्या माणसाने घरात चाचणी कशी करावी? (अनगोळ, शहापूर आणि गणेशपूर येथील चार वाचक)

विजेवर चालणारी यंत्रे आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळतात, पण ती महाग असतात. चार शेजाऱ्यांत मिळून एक घेतले आणि प्रत्येकाने तीन-तीन महिने वापरले तर परवडू शकेल. भारतातील संशोधक मात्र गेली अनेक दशके याहून कितीतरी साधी वस्तू वापरत आले आहेत. ती म्हणजे तांबूस रंगाच्या फिल्मचा पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा तुकडा. तो एका छोट्या डबीत बसवतात आणि डबी खोलीत तीन महिने टांगून ठेवतात. डबीत वायू शिरतो, त्याचे अणू फुटताना अल्फा नावाचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात आणि जेथे कण आदळतो तेथे फिल्मवर डोळ्यांना न दिसणारा ओरखडा उमटतो. नंतर प्रयोगशाळेत ती फिल्म गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात सुमारे दीड तास ठेवतात. त्याने ओरखड्यांच्या जागी बारीक छिद्रे पडतात आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजून तीन महिन्यांची सरासरी काढतात. याला वीज लागत नाही, आवाज होत नाही आणि घरातले लोक आठवडाभरात ती डबी विसरून जातात, हा तिचा सर्वांत मोठा गुण.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने रेडॉन आणि त्याचा भाऊबंद असलेला थोरॉन हा वायू वेगवेगळे मोजणाऱ्या अशा डब्या विकसित केल्या आहेत. आपल्या राज्यात मंगळूर विद्यापीठात पर्यावरणातील किरणोत्साराचा अभ्यास करणारे केंद्र आहे. इतर काही विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांतही हे काम चालते. एकट्याने पत्र लिहिण्यापेक्षा एखाद्या गल्लीने किंवा गृहनिर्माण सोसायटीने मिळून दहा-वीस घरांसाठी विचारणा केली, तर एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला ते सोयीचे ठरते आणि आपलेही काम होते.

डबी असो की यंत्र, जागा महत्त्वाची. घरातल्या सर्वांत खालच्या, पण प्रत्यक्ष वापरातल्या खोलीत ते ठेवावे. झोपण्याची खोली उत्तम, कारण दिवसातले सात-आठ तास आपण तिथेच श्वास घेतो. जमिनीपासून निदान दीड-दोन फूट वर, खिडकी-दारापासून तीन फूट लांब, पंख्याच्या थेट झोताबाहेर. स्वयंपाकघरात आणि न्हाणीत नको, कारण वाफेने आकडा चुकतो. कपाटात नको, टीव्हीच्या मागे नको. भिंतीला टेकवून तर मुळीच नको, आणि याचे कारण आपल्या जुन्या घरांना विशेष लागू पडते. मातीच्या आणि विटांच्या भिंतींतून वर सांगितलेला थोरॉन बाहेर पडतो. त्याचे आयुष्य इतके थोडे, की छप्पन्न सेकंदांत तो निम्मा होतो, म्हणून तो भिंतीपासून फार दूर जाऊ शकत नाही. यंत्र भिंतीला चिकटून असेल तर काही यंत्रे त्यालाच रेडॉन समजून मोजत बसतात.

अमेरिकेत दोन ते सात दिवसांची कोळशाच्या डबीची चाचणीही करतात. तिच्या नियमानुसार आधी बारा तास आणि चाचणी संपेपर्यंत सगळ्या खिडक्या बंद ठेवायच्या असतात. ज्या मुलखात हिवाळ्यात घरे तशीही बंद असतात तिथे हे ठीक आहे. आपल्या भागात या रीतीने चाचणी केली तर आपण ज्या घरात कधी राहतच नाही अशा घराचा आकडा हाती येईल, असे माझे मत आहे. नेहमी जसे राहता तसेच राहावे, तीन महिने मोजावे, आणि त्या तीन महिन्यांत थंडीचे किंवा पावसाचे दिवस येतील असे पाहावे. मे महिन्यात उघड्या खिडक्यांत मोजून निश्चिंत होऊ नये.

प्रश्न : आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे. भोवती सगळी लाल माती. आता आम्ही ओट्यावर ग्रॅनाइट बसवले आहे आणि एका व्हिडिओत ग्रॅनाइटमधून रेडॉन येतो असे सांगितले. ओटा काढून टाकावा का? (खानापूर)

ओटा काढू नये. रेडॉन ज्यापासून तयार होतो ते युरेनियम थोड्याफार प्रमाणात प्रत्येक दगडात आणि मातीत असते. पृथ्वीच्या कवचाची सरासरी धरली तर टनभर मातीत दोन-तीन ग्रॅम. ग्रॅनाइटमध्ये ते सहसा याहून काहीसे जास्त असते आणि आपल्या काळ्या दगडात, म्हणजे दख्खनच्या बसाल्टमध्ये, बरेच कमी. ओट्यावरची पाऊण इंच जाडीची लादी वजनाने फार तर दीड-दोनशे किलो भरेल. घराखालची जमीन किती टन भरेल याचा हिशेबच करता येणार नाही. घरातला बहुतेक रेडॉन त्या जमिनीतून, जोत्यातल्या भेगांतून, फरशीच्या सांध्यांतून आणि नळ-ड्रेनेजच्या पाइपाभोवतीच्या फटींतून येतो. ओट्याचा वाटा बहुधा नगण्य असतो.

आपल्या जिल्ह्याची जमीन एकसारखी नाही, हे मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. बेळगाव, चिकोडी आणि निपाणीच्या बाजूला बसाल्ट आणि त्यावर काळी माती, पश्चिमेला घाटाकडे जांभा, खानापूर-बैलहोंगल भागात त्याहून कितीतरी जुने खडक, आणि गोकाकच्या धबधब्यापाशी जो कठीण कडा दिसतो तो कलादगी नावाच्या खडकसमूहातील क्वार्टझाइट या दगडाचा. जांभा सच्छिद्र असतो, त्यामुळे त्यातून वायूला वाट सापडणे सोपे जाते. काळी माती भिजली की वायूला अडवते आणि उन्हाळ्यात भेगाळली की वाट देते. म्हणूनच केवळ दगडाच्या नावावरून घराचा आकडा सांगता येत नाही. एकाच आळीतल्या दोन घरांचे आकडेही कधी कधी दुप्पट-तिपटीने वेगळे निघतात.

आपले घर जुने असून त्यावर मंगलोरी कौले आहेत, असे आपण लिहिले आहे. त्या कौलांच्या फटींतून रात्रभर हवा खेळत असते. मला काळजी वाटते ती, असे घर पाडून त्याच जागी स्लॅब घालून सरकत्या काचांच्या घट्ट खिडक्या आणि एसी बसवणाऱ्यांची.

प्रश्न : आमच्या देशनूर परिसरात युरेनियमसाठी बोअर मारले गेले होते. मग आमच्या घरांत रेडॉन जास्तच असणार ना? मुलीच्या सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांनी हा विषय काढला. (बैलहोंगल तालुका)

केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाचे अणुखनिजांचा शोध घेणारे एक संचालनालय आहे आणि त्याने कलादगी खोऱ्यातील देशनूर भागात युरेनियमचा शोध घेतला, ही गोष्ट खरी आहे. कर्नाटकात यादगीर जिल्ह्यातील गोगी येथेही असा शोध झाला. परंतु खडकात खनिज सापडणे ही एक गोष्ट आणि एखाद्याच्या माजघरात वायू साठणे ही दुसरी. युरेनियमपासून पायरीपायरीने रेडियम तयार होते आणि रेडियमपासून रेडॉन. रेडॉन पावणेचार-चार दिवसांत निम्मा होत जातो. खनिजाचा थर जमिनीत खोल असेल आणि वर घट्ट खडक व माती असेल, तर तिथला रेडॉन घरापर्यंत पोहोचण्याच्या आतच बहुतांशी संपून जातो. उलट, युरेनियमचे नावही नसलेल्या गावी जोते भेगाळलेले आणि खोली कोंदट असेल तर आकडा वर जाऊ शकतो.

तेव्हा ‘असणार’ असे म्हणता येत नाही आणि ‘नसणार’ असेही नाही. डबी सर्वांत आधी कुठे टांगावी असे मला कोणी विचारले, तर मी आपल्या भागाचे नाव अवश्य घेईन. परंतु त्यावरून सोयरीक मोडण्याचा विचार करणाऱ्या पाहुण्यांना, त्यांनी स्वतःच्या घरात कधी मोजले आहे का, असे नम्रपणे विचारावे. रेडॉन अंगाला लागत नाही, माणसाबरोबर सासरी जात नाही, आणि आनुवंशिक तर नाहीच.

प्रश्न : मी घरी बसून विड्या वळते. मालक दिवसाला दोन कट्टे ओढतात. एकाच खोलीत आम्ही पाचजण निजतो. तुमचे टिपण मुलाने वाचून दाखवले. आम्ही काय करावे? (निपाणी)

ताई, आपले पत्र या सर्व पत्रांत मला महत्त्वाचे वाटले. वर जे आकडे दिले आहेत त्यांत रेडॉन नसतानाही ओढणाऱ्या हजारांतले शंभर जण फुप्फुसाच्या कर्करोगाने जातात, हे मुलाला पुन्हा वाचून दाखवायला सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेडॉनपासूनचा धोका धूम्रपान करणाऱ्याला न करणाऱ्याच्या सुमारे पंचवीस पट असतो. याचे कारण असे की रेडॉन स्वतः श्वासाबरोबर आत जातो तसा बहुतांशी बाहेरही पडतो. तो फुटल्यावर पोलोनियमसारखे जे घन कण तयार होतात ते धुळीला आणि धुराला चिकटतात, फुप्फुसाच्या अस्तरावर बसतात आणि तेथे फुटून पेशींना इजा करतात. बिडीने ते अस्तर आधीच पोळलेले असते.

आपण रेडॉनच्या यंत्रावर एक रुपयाही खर्च करू नये. मालकांची बिडी सुटणे हा पहिला उपाय. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर शासनाची मोफत मदत मिळते. ती सुटेपर्यंत निदान निजण्याच्या खोलीत ओढणे बंद व्हावे, कारण तो धूर मुलांच्याही छातीत जातो. रात्री एक खिडकी आणि समोरासमोरचा एखादा झरोका उघडा राहील असे करावे. त्याने धूर, तंबाखूची भुकटी आणि असलाच तर रेडॉन, तिन्ही एकदम कमी होतील. वळताना तोंडाला ओले फडके बांधावे आणि वळण्याची जागा निजण्याच्या जागेपासून वेगळी ठेवता आली तर ठेवावी.

प्रश्न : आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, खाली पार्किंग आहे. (हिंडलगा)

आपण हा अंक दुसऱ्या कोणाला वाचायला द्यावा. उघड्या पार्किंगवरच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत जमिनीतला वायू सहसा नाव घेण्याइतका पोहोचत नाही.

प्रश्न : बोअरच्या पाण्यातून रेडॉन येतो का? आम्ही तेच पितो आणि त्याच पाण्याने आंघोळ करतो. आरओ बसवले तर जाईल का? (हुक्केरी तालुका)

येतो. जमिनीखालच्या खडकांतून झिरपलेल्या पाण्यात रेडॉन विरघळलेला असतो आणि नळ सोडला, पाणी तापवले, अंगावर घेतले की तो हवेत निसटतो. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलच्या जलाशयांतून जे पाणी मिळते ते उघड्यावर साठलेले असल्याने त्यात हा प्रश्न जवळजवळ नसतो. बोअरच्या पाण्यासाठी ढोबळ हिशेब असा, की लिटरला १०० बेकेरेल रेडॉन असलेले पाणी घरात वापरले तर हवेच्या आकड्यात सुमारे १० ची भर पडते. युरोपीय संघाने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला १०० हाच आकडा धरला आहे. म्हणजे पाण्याचा वाटा असतो, पण जमिनीच्या मानाने तो लहान असतो.

वायू काढायला आरओ हे साधन नव्हे. पाणी उंचावरून फवारत टाकीत सोडावे, टाकीला हवेची वाट असावी आणि पाणी एक रात्र मुरू द्यावे. बराचसा वायू उडून जातो. पिण्याचे पाणी उकळले तर उरलेलाही जातो. तपासणीला पाणी द्यायचे असेल तर बोअर दहा मिनिटे चालू ठेवून बाटली काठोकाठ, एकही बुडबुडा न राहील अशी भरावी आणि त्याच दिवशी पोहोचवावी. अर्धी भरलेली बाटली एसटीतून हिंदकळत गेली, तर तपासायला वायूच उरत नाही. पाण्यातले युरेनियम आणि फ्लोराइड हे मात्र वेगळे प्रश्न आहेत. ते उकळून जात नाहीत आणि त्यांची तपासणी वेगळी करावी लागते.

प्रश्न : लहानपणी गावात पेवात उतरलेली दोन माणसे गुदमरून मेलेली मी पाहिली. तो रेडॉनच का? (चिकोडी तालुका)

नव्हे. पेव, ज्याला आपले कन्नड शेजारी हगेव म्हणतात, ते महिनोन्‌महिने बंद असते. आतले धान्य श्वसन करते, म्हणजे प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो आणि उतरणाऱ्याला काही कळण्याआधीच शुद्ध हरपते. रेडॉन तर हवेच्या सुमारे साडेसात पट जड आहे, पण त्याचे प्रमाण इतके सूक्ष्म असते की त्याने कोणी कधी गुदमरत नाही. आजही कोणाकडे पेव असेल तर तोंड उघडून ते बराच वेळ मोकळे ठेवावे आणि पंख्याने आत हवा सोडावी. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत चांगली आहे, मात्र केवळ तिच्यावर विसंबू नये. आतला माणूस पडला तर त्याच्यामागे दुसऱ्याने उडी घेऊ नये. आपण पाहिलेल्या दोघांतला दुसरा बहुधा असाच गेला असेल.

प्रश्न : मच्छे येथे साईट घेतली आहे, जोत्याचे काम पुढच्या महिन्यात सुरू होईल. आताच काही करून ठेवता येईल का? (उद्यमबाग येथील एक कामगार)

आताच करणे सर्वांत स्वस्त. घर बांधून झाल्यावर फरशी फोडून जे करावे लागते तेच या वेळी थोड्या खर्चात होते. जोत्यात मुरूम भरून धुमस केल्यावर त्यावर चार इंच जाडीचा स्वच्छ, एकसारख्या खडीचा थर घालावा. त्यात बारीक चुरी नको, कारण खड्यांच्या मधल्या पोकळीतून वायू आडवा सरकला पाहिजे. खडीत चार इंची पीव्हीसी पाइपचा भोके पाडलेला तुकडा आडवा ठेवून तो टी जोडाने उभ्या पाइपला जोडावा आणि उभा पाइप घराच्या आतल्या कोपऱ्यातून थेट गच्चीच्या वर नेऊन मोकळा सोडावा. खडीवर जाड पॉलिथिनचा कागद एकमेकांवर फूटभर चढवून अंथरावा, भिंतीपाशी वर वळवावा आणि मगच काँक्रीट ओतावे. काँक्रीट ओतणारे लोक कागदावरून घमेली घेऊन चालतात आणि तो फाटतो, म्हणून त्या दिवशी आपण स्वतः हजर राहावे. पाइप आणि ड्रेनेज जेथे जोत्यातून वर येतात तेथील फटी सीलंटने भराव्यात. नुसते सिमेंट भरले तर ते पुढे सुटते.

घर झाल्यावर तीन महिने मोजावे. सरासरी १०० च्या आत असेल तर तो पाइप तसाच राहू द्यावा. जास्त निघाली तर गच्चीवर त्या पाइपात सतत चालणारा एक लहान पंखा बसवावा, म्हणजे घराखालचा वायू घरात न येता वरच्या वर जातो. एरवी नुसता एक्झॉस्ट फॅन लावून खोलीतली हवा बाहेर ओढणे उलटे पडू शकते, कारण बाहेरून हवा यायला वाट नसेल तर खोली जमिनीतूनच हवा ओढून घेते. हवा शुद्ध करण्याची यंत्रेही यावरचा उपाय नव्हेत, ती धूळ अडवतात, वायू अडवत नाहीत.

आणखी एक. त्या उभ्या पाइपवर प्रत्येक मजल्यावर रंगाने ठळक ‘रेडॉन’ असे लिहून ठेवावे, शक्य तर कन्नडमध्येही. नाही तर पाच वर्षांनी वरच्या मजल्याचे काम काढल्यावर एखादा प्लंबर तो रिकामा पाइप पाहून त्यात न्हाणीचे पाणी जोडून मोकळा होईल.